रिपोर्ट नॉर्मल, शी मात्र पातळच

सकाळचे अकराही वाजले नव्हते आणि चौथा डायपर झाला होता. त्यात आदल्या रात्रीच्या खिचडीतलं गाजर, चिरलं तसंच्या तसं. लेक मात्र मजेत. कुकरचं झाकण वाजवत, मध्येच गिरकी घेत, "अजून भात" म्हणत. चार महिने हेच चाललं होतं.

मी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हिशेब बघते. तिथे प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट असतो. माल निर्यातीला जायचा तर नमुना लॅबला जातो, औषधाचे अंश किती ते आकड्यात येतं, मग गाडी हलते नाहीतर थांबते. लेकीच्या पोटाचंही असंच काहीतरी असणार, अशी माझी समजूत. नमुने दिले. तीनदा दिले. सगळे आकडे मर्यादेत. आणि गाडी काही थांबेना.

आता ती तीन वर्षांची आहे. मधल्या काळात जे वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं आणि जे स्वतः चुकले, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण रात्री दोन वाजता मोबाईलवर "बाळाची शी पातळ कारण" असं शोधणाऱ्या आयांमध्ये मी बरेच महिने होते.

"कारण सापडत नाही" हे वाक्य तीन निरनिराळ्या परिस्थितींत बोललं जातं. एक, कारण आहे, पण ते दाखवणारी तपासणी अजून झालीच नाही. दोन, तपासणी झाली, पण चुकीच्या वेळी. तीन, आतड्याला कुठे इजा नाही, फक्त त्याची चाल बिघडलीय, आणि चाल काही डबीतल्या नमुन्यात दिसत नाही. आमच्या वाट्याला दुसरा आणि तिसरा प्रकार आला. पहिला शेजारच्या घरात, म्हणजे जावेच्या मुलाकडे निघाला. त्याची गोष्ट पुढे.

पाण्याचा ताळेबंद

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसभरात आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. प्यालेलं पाणी त्यात जेमतेम दोन लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याने स्वतः सोडलेलं पाणी. हे जवळजवळ सगळं परत आत शोषलं जातं आणि शीतून जातं ते शे-दोनशे मिलिलिटर. नऊ लिटरचे दोन टक्के म्हणजे १८० मिलिलिटर. शोषणात एवढीच चूक झाली तरी शीतलं पाणी दुप्पट होतं. लहान मुलात आकडे छोटे, पण हिशेब हाच. म्हणून पातळ शी दिसायला भयंकर दिसते, आणि तिच्यामागचा बिघाड कधी कधी अगदी किरकोळ असतो.

पाणी मागे का राहतं? काकडीची कोशिंबीर करताना आधी मीठ लावून ठेवलं की काकडीला पाणी सुटतं. न पचलेली साखर आतड्यात तेच करते, भिंतीतून पाणी ओढून घेते. दुसरं, भिंतच सोलवटलेली असेल तर ती शोषणार कशी? आणि तिसरं, सगळं ठीक आहे पण माल इतक्या वेगाने पुढे जातो की शोषायला वेळच मिळत नाही.

एक ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा तिसरा प्रकार फार दिसतो. आपल्या पोटात जेवण आलं की आतडं आपली रिकाम्या वेळची झाडलोट थांबवतं आणि घुसळण्याच्या कामाला लागतं. काही लहान मुलांमध्ये ही झाडलोट जेवणानंतरही चालूच राहते. केरसुणी फिरतेय आणि पंगत बसलीय, असा प्रकार. मग गाजर, मटार, मक्याचे दाणे, टोमॅटोची साल, सगळं जसंच्या तसं. त्यात या वयाची मुलं चावत नाहीत. मागच्या दाढा पूर्ण यायला अडीच वर्षं उजाडतात. गाजर अख्खं दिसलं म्हणजे पचनशक्ती गेली असं नाही. वरणभात आणि तूप केव्हाच पचून गेलेलं असतं, ते दिसत नाही म्हणून आपण धरत नाही.

इंग्रजीत याला 'टॉडलर्स डायरिया' म्हणतात. पोटाच्या अशा बिघाडांचे जगभर वापरले जाणारे 'रोम' निकष आहेत, त्यांच्या २०१६ च्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली आहे: दिवसातून चार किंवा जास्त वेळा पातळ, भरपूर शी, पोटात दुखत नाही, चार आठवड्यांहून जास्त काळ, सुरुवात सहा महिने ते पाच वर्षांच्या दरम्यान, आणि खाणं पुरेसं असेल तर वाढ खुंटत नाही. बहुतेक वेळा झोपेत शी होत नाही. सकाळची पहिली बरी, मग दिवसभर पातळ पातळ होत जाणारी. म्हणजे हे नाव 'काहीच सापडलं नाही म्हणून' चिकटवलेलं नाही, त्याच्या स्वतःच्या खुणा आहेत. शाळेच्या वयापर्यंत ते बहुतेक मुलांमध्ये आपोआप थांबतं.

हे वाचून मला हायसं वाटलं होतं. पण त्या शेवटच्या अटीपाशी, वाढ खुंटत नाही या शब्दांपाशी, आमची गाडी अडली.

डॉक्टरांनी फाइल मागितली नाही, कार्ड मागितलं

तिसऱ्या डॉक्टरांनी माझी जाडजूड फाइल हातात घेतली, बाजूला ठेवली आणि लसीकरणाचं कार्ड मागितलं. त्यावर प्रत्येक भेटीचं वजन होतं. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते असतात, अंगणवाडीच्या कार्डावरचा आलेखही त्यांवरूनच काढलेला. डॉक्टरांनी पेनाने ठिपके जोडले. १९ महिन्यांना १०.१ किलो. २३ महिन्यांना ९.९. दुसऱ्या वर्षात मुलांचं वजन साधारण दोन-अडीच किलोंनी वाढायला हवं. आमची रेघ आडवी होऊन खाली वाकली होती.

"खायला काय देता?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. तांदळाची पेज, मऊ भात, पातळ मुगाचं पाणी. तूप बंद, पोटाला जड म्हणून. दूध बंद. पोळी बंद, गव्हाचा काही त्रास असेल म्हणून. ताकद राहावी म्हणून सफरचंदाचा रस दिवसातून तीनदा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारं फळांच्या चवीचं ते खोक्यातलं पेय.

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, वजन जुलाबाने गेलं की तुमच्या पथ्याने, ते आधी बघू."

मला राग आला होता, हे कबूल करते. पण आत्ता वर पाण्याचा जो हिशेब मांडला त्यात माझं पथ्य घालून बघा. सफरचंदात फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त असते, शिवाय सॉर्बिटॉल हा साखरेसारखाच पदार्थ. दोन्ही लहान आतड्याला पूर्ण शोषता येत नाहीत, आणि राहिलेली साखर काकडीवरच्या मिठाचं काम करते. रसात लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज. ते प्रमाण मुद्दाम बेतलेलं आहे, कारण तेवढं ग्लुकोज मिठाला आणि मिठामागून पाण्याला आत ओढतं. जास्त झालं की उलटं होतं. 'ओआरएस' असं लिहून गोड पेयं विकण्यावर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बंदी आणली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. मी ते खोकं त्याआधी विकत घेत होते, पुढची अक्षरं वाचून. मागची वाचली नाहीत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये रसाची मर्यादा सांगितली ती अशी: वर्षाच्या आत अजिबात नाही, एक ते तीन वर्षांत दिवसाला फार तर १२० मिलिलिटर. अख्खं फळ वेगळं. गंमत म्हणजे आमच्याकडे सगळ्यांनी आधी द्राक्षावर संशय घेतला होता. नाशिकमध्ये जानेवारी ते एप्रिल घरात द्राक्षं नाहीत असा दिवस नसतो. पण द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखं असतं आणि बरोबर ग्लुकोज असलं की फ्रुक्टोज बरं शोषलं जातं. सफरचंदापेक्षा द्राक्ष पोटाला सौम्य. (चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा मणी मात्र देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. उभे चार तुकडे करायचे.)

आणि तूप. स्निग्ध पदार्थ पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात. ज्या आतड्याची चालच घाईची, त्याचा ब्रेक मी काढून घेतला होता. शिवाय या वयात एकूण उष्मांकांपैकी तीसेक ते चाळीस टक्के स्निग्धातून यायला लागतात. सासूबाई पहिल्या महिन्यापासून सांगत होत्या, "अगं, वरणभातावर तूप तरी घाल, कोरडं काय खातंय लेकरू." मी त्यांना इंटरनेट वाचून दाखवत होते.

गव्हाची चूक

वजन घटलं होतं म्हणून डॉक्टर चाल बिघडलीय म्हणून थांबले नाहीत. त्यांना सीलिअॅक तपासायचं होतं. आणि तिथे माझ्या हुशारीने दुसरा घोटाळा केला होता.

सीलिअॅक म्हणजे गव्हाची अॅलर्जी नव्हे. गहू, जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. जन्मतः तशी जनुकं असलेल्या काही माणसांत ग्लुटेन आलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावर मखमलीसारखे उभे तंतू असतात, ते झडून भिंत सपाट होते. शोषायला जागाच उरत नाही. पोट फुगतं, हातपाय काटकुळे, मूल किरकिरं, वजन थांबलेलं, रक्त कमी.

गव्हाचा हा संबंध ज्यांनी लावला ते विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. त्यांना आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेना. इतर मुलं खंगत असताना या आजाराची मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० च्या आपल्या प्रबंधात त्यांनी हे मांडलं. त्याआधी अशा मुलांना डॉक्टर चक्क केळ्यांवर ठेवत. केळ्यांचा गुण नव्हता तो, पाव बंद व्हायचा त्याचा होता.

आता याची रक्ततपासणी आहे, टीटीजी-आयजीए नावाची. तिच्याबरोबर एकूण आयजीए (शरीराच्या संरक्षण यंत्रणेचं एक प्रथिन) सुद्धा मोजावं लागतं, कारण ज्यांच्यात तेच मुळात कमी असतं त्यांचा रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. पण ही तपासणी शोधते काय, तर ग्लुटेनविरुद्ध चाललेल्या लढाईच्या खुणा. गहूच बंद केला तर लढाई थांबते आणि खुणा पुसट होत जातात. मी सहा आठवडे पोळी बंद केली होती. आमचा आधीचा रिपोर्ट 'नॉर्मल' होता तो असा. ज्या दिवशी दुकान बंद होतं त्या दिवशीचा गल्ला मोजून धंदा नाही म्हणण्यासारखं.

मग दोन महिने तिला रोज गव्हाचं खायला घालून, पोळी, रव्याची खीर, शेवया, पुन्हा रक्त दिलं. खरंच निगेटिव्ह आलं. ते दोन महिने मला फार जड गेले, प्रत्येक घासाला वाटायचं आपण विष घालतोय. पण एवढं पक्कं लक्षात ठेवा की तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. एकदा बंद करून मूल बरं दिसायला लागलं की पुन्हा सुरू करायची हिंमत होत नाही, आणि मग निदान कायमचं लटकतं.

ज्यांच्याकडे ते पॉझिटिव्ह निघतं त्यांना पथ्य जन्मभराचं, आणि काटेकोर. आपलं नशीब की महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळं आहे. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक पिठाची गिरणी: आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात तुमची ज्वारी. दुसरी हिंगाची डबी. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. भाजी-भाकरी खाऊनही मूल का सुधरत नाही, याचं उत्तर फोडणीत सापडू शकतं.

दूध, पाणी आणि जंत

दुधाच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. पहिली, दुधातली साखर न पचणं. जोरदार जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि ही साखर पचवणारा रस काही आठवडे कमी पडतो. शी आंबट वासाची, फसफसणारी, ढुंगण लालभडक. हे तात्पुरतं असतं, आणि दही बहुधा चालतं. दुसरी, दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी. ती बहुतेक वेळा वर्षाच्या आतच सुरू होते, शीत रक्त किंवा चिकट आव, कातडीवर चट्टे. तिथे दही चालत नाही. गायीऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊन बघा, हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो, पण त्यांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की उपयोग होत नाही. खात्री करायची तर डॉक्टरांना विचारून दोन ते चार आठवडे पूर्ण बंद आणि मग पुन्हा देऊन बघणं, ही जुनी रीतच सगळ्यात भरवशाची. बहुतेक मुलं पुढे यातून बाहेर येतात. तिसरी गोष्ट आजार नाहीच: नुसतं दूध फार होणं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की मूल जेवत नाही, रक्तातलं लोह घटतं, आणि पोट एकतर गच्च होतं नाहीतर सैल.

पाण्याचं थोडक्यात. आमच्या लेकीचा त्रास सुरू झाला तो पावसाळ्यात, एका साध्या जुलाबाने. गंगापूर धरणाचं पाणी आमच्याकडे शुद्ध होऊनच येतं, पण सोसायटीची टाकी शेवटची धुतली कधी, हे कुणालाच आठवत नव्हतं. अशा पाण्यातून जिआर्डिया नावाचा जीव पोटात जातो आणि महिनोन् महिने राहतो; शी तेलकट, घाण वासाची, पोट फुगलेलं. नळाच्या क्लोरीनला तो सहज दाद देत नाही, खळखळ उकळीला मात्र एका मिनिटात मरतो. तो शीतून रोज बाहेर पडत नाही, त्यामुळे एकाच नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यायचे. जंतांवर फार वेळ घालवत नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, दोनच्या पुढे अख्खी. ती दिली असेल तर प्रत्येक पातळ शीचं खापर जंतांवर फोडायला नको. आणि दातांवरही. दात येताना लाळ गळते, मूल चिडचिडतं, पण महिनोन् महिने जुलाब दातांनी होत नाहीत.

प्रतिजैविकांबद्दल एकच. आम्हाला चार महिन्यांत तीन कोर्स मिळाले, तिन्ही वेळा 'इन्फेक्शन असेल' म्हणून. ती औषधंच आतड्यातल्या उपयोगी जंतूंची वस्ती विस्कटतात आणि शी आणखी पातळ होते. दर वेळी मी मात्र वहीत लिहायचे, औषधानेही गुण नाही.

शंभरेक पदार्थांचं एक 'फूड सेन्सिटिव्हिटी' पॅनलही एका लॅबवाल्याने सुचवलं होतं, रक्तातलं आयजीजी, म्हणजे आयजीएसारखंच संरक्षणाचं दुसरं प्रथिन, मोजणारं. ते करू नका. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ खाल्लेला आहे, एवढंच. तो बाधतो असं त्यातून कळत नाही. अशा यादीवरून अर्धा स्वयंपाक बंद झालेली मुलं मग खरोखर वाळतात.

जावेच्या मुलाची गोष्ट

तो साडेतीन वर्षांचा. तक्रार अशी की दिवसभर चड्डीला पातळ शी लागते, कळतच नाही त्याला. सिडकोतल्या त्यांच्या घरी सहा महिने जुलाबाची औषधं चालू होती. पडद्यामागे जाऊन, पाय एकमेकांवर घट्ट दाबून, टाचा उचलून तो लालबुंद होत असे. सगळ्यांना वाटे, किती जोर लावतोय बिचारा. तो जोर लावत नव्हता. तो अडवत होता.

हे समजलं तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला, इतकं ते डोळ्यांसमोर होतं. एकदा कडक शी होऊन भेग पडते, दुखतं. लहान मूल ठरवतं, पुन्हा करायची नाही. अडवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषत राहतं, ती आणखी कडक, आणखी मोठी. गुदाशय ताणत जातो, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा, आणि मग भरल्याची जाणीवच होत नाही. वरून येणारी पातळ शी त्या खड्याच्या कडेने झिरपते. घरात दिसतात जुलाब, आत असतो बद्धकोष्ठ. त्यावर जुलाब थांबवणारं औषध म्हणजे तुंबलेल्या मोरीवर बोळा.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवूनच सांगितलं. आधी साचलेलं मोकळं केलं, मग पाण्यात विरघळवून द्यायची पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड. जावेने दोन आठवड्यांत बंद केली, "सवय लागेल" म्हणून. पुन्हा पहिले पाढे. ही पूड आतड्याला हाकलत नाही, शीत पाणी धरून ठेवते, एवढंच; सवय लागत नाही. पण ताणलेलं इलॅस्टिक पूर्ववत व्हायला महिने लागतात, तेवढे दिवस ती घ्यावी लागते आणि डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागते. बरोबरीने रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवणं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं. पाय लोंबकळत ठेवून कमोडवर नाही. पायाखाली पाट. साबणाची कांडी नाही. आणि 'शी केली नाहीस तर' ने सुरू होणारं एकही वाक्य नाही.

वाट कधी बघायची नाही

वर मी वाट बघण्याच्या बाजूने बरंच लिहिलं आहे, म्हणून हेही. शीत रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, पुन्हा पुन्हा येणारा ताप, झोपेतून उठवणारी शी, तोंडात वारंवार फोड, गुदद्वाराशी गाठी, पांढरंफटक पडलेलं मूल, किंवा घटत चाललेलं वजन, यातलं एकही असेल तर 'चाल बिघडलीय' म्हणून बसायचं नाही. मूल मध्येच पाय पोटाशी घेऊन कळवळतं, शांत होतं, पुन्हा कळवळतं, तर त्याच रात्री दवाखाना. आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, हे आठवत असेल तर न विचारता सांगा. डोळे खोल, लघवी कमी, मूल मलूल, तर थेट सिव्हिल किंवा जे जवळ असेल ते.

आतड्याला आतून सूज आहे का हे बघायला कॅलप्रोटेक्टिन नावाची शीची तपासणी आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा मोठ्यांची असते. चार वर्षांच्या आतल्या मुलांत ते मुळातच जास्त असतं. आमच्या रिपोर्टवर ते ठळक अक्षरांत आलं होतं आणि मी एक रात्र जागून काढली होती.

घरातली बाजू

शीच्या आजारात आई आरोपी असते. काय खाल्लंस, काय खाऊ घातलंस, ऑफिसला जातेस म्हणून. पाळणाघरातल्या ताईंनी एकदा बाकीच्या मुलांना लागण होईल का विचारलं, त्यांचंही चूक नव्हतं. नवरा रात्रीचे डायपर बदलायचा पण दवाखान्यात प्रश्न माझ्याकडे बघूनच विचारले जायचे.

सासूबाईंनी वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलला. नवसाला माझी हरकत नव्हती, गडावर जाऊन आलो, लेक पायऱ्या मोजत चढली. हरकत होती ती जायफळ उगाळून चाटवायला. थोडं फार झालं की जायफळ लहान मुलाला गुंगी आणतं, आणि 'थोडं' किती हे सहाणेवर मोजता येत नाही. यावर आमचं भांडण झालं. मग तह असा झाला की जायफळ बंद, तूप सुरू. त्या तहात मी जास्त मिळवलं.

डॉक्टरांची अट एकच होती: एका वेळी एकच बदल, आणि तो दोन आठवडे. हिशेबात हे मला आधीच कळायला हवं होतं. एकाच दिवशी दोन नोंदी दुरुस्त केल्या की फरक कशाने मिटला ते सांगता येत नाही. मी दोनशे पानी वही केली. तारीख, काय खाल्लं, किती वेळा, कशी. 'कशी'साठी ब्रिस्टल तक्ता वापरला. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तयार झालेला, शीचे सात प्रकार, लेंड्यांपासून पाण्यापर्यंत. सासूबाईंना आकडे आवडले. मी कामावर असताना त्या फोन करून नुसतं "सहा" म्हणायच्या. पॅकहाउसमध्ये शेजारी बसणारीला वाटायचं मी सट्टा खेळते.

पहिला बदल, रस बंद. दोन आठवड्यांत सहाचे चार झाले. दुसरा, तूप परत. तिसरा, दूध परत, आधी दही म्हणून. मग ज्वारीची उकड, नाचणीचं सत्त्व, सालीसकट मूग, कारण चोथा अगदीच कमी असला तरी शीला बांधा येत नाही. मध्ये सर्दी झाली आणि सगळं पुन्हा आठवडाभर पातळ. त्या आठवड्यात मी वही भिंतीवर फेकली होती. ढुंगणाच्या लालीसाठी वाइप्स सोडून साधं पाणी, टिपून कोरडं, झिंक ऑक्साइडचं मलम. एवढ्याने रात्रीचं रडणं अर्ध्यावर आलं.

२६ महिन्यांना वजन १०.९. तीन वर्षांना १३.२. शी अजूनही दिवसातून दोन-तीनदा होते, लग्नाच्या जेवणानंतर पातळ होते, आणि मका अजून अख्खाच बाहेर येतो. मागच्या भेटीत मी डॉक्टरांना ते सांगितलं.

ते म्हणाले, "तुमचा नाही येत?"

घरी येऊन बघितलं. येतो.